आधी ब्रेक, मग बॅटरी

वाचकाचे पत्र: आमच्या डिचोलीच्या घरी १९८२ची पांढरी प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतली, बाबांनी चालवली आणि २०१४ पासून मागच्या शेडमध्ये उभी आहे. बाबा ७१ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, पण या गाडीचा विषय निघाला की ते अर्धा तास बोलतात. मी पर्वरीला नोकरी करते, शनिवार-रविवार मोकळी असते. ही गाडी आम्ही दोघांनी मिळून उभी करावी असे मनात आहे. बाबा म्हणतात, नवी बॅटरी लाव, दोन लिटर पेट्रोल घाल, एका सेल्फात चालू होईल. पुण्याचा भाऊ म्हणतो, करायची तर शेवटच्या नटबोल्टपर्यंत उघडून करा. एका गॅरेजवाल्याने साडेचार लाख सांगितले, माझ्याकडे अडीच आहेत. पुढच्या गणेश चवथीला गाडी दारात हवी आहे. दोन रविवार कामाला बसलो आणि दोन्ही वेळा भांडून उठलो. सुरुवात कुठून करू? – एक मुलगी, डिचोली

उत्तर:

बाबांचेही ऐकू नका आणि भावाचेही. अकरा वर्षे थंड पडलेल्या इंजिनाला नव्या बॅटरीचा झटका दिला तर गंजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा ओरखडतील, एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर त्याला ढकलणारी पुशरॉड वाकेल. समजा चालू झालीच, तर त्याहून वाईट. चालू झालेली गाडी माणूस शेडमधून बाहेर काढतोच, आणि या गाडीला आज ब्रेक नाहीत.

भावाचा मार्ग पुस्तकात शोभतो. ज्यांच्याकडे बंदिस्त जागा आहे, रोज वेळ आहे आणि पैशांना तळ नाही, त्यांनी तो धरावा. शनिवार-रविवारच्या जोडीने पूर्ण गाडी उघडली की तिसऱ्या महिन्यात चाळीस खोके, सहाव्या महिन्यात ‘हा बोल्ट कुठला?’ आणि मग पावसाळा. शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी निदान पद्मिनी असते, खोक्यांत भरलेली भंगाराच्या भावाने जाते. तुम्ही एकच नियम पाळा. एका वेळी एकच भाग उघडायचा आणि तो मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गाडी दर महिन्याला चार चाकांवर उभी दिसली पाहिजे. बाबांचा उत्साह त्यावर टिकेल, तुमचाही.

पाऊस आता ओसरतो आहे. मे अखेरपर्यंत सात-आठ कोरडे महिने मिळतात, म्हणजे तीसेक शनिवार-रविवार. नाताळपर्यंत गाडी स्वतःच्या ब्रेकने थांबावी, जानेवारी-फेब्रुवारीत पत्र्याचे काम, मार्चमध्ये रंग, एप्रिल-मेमध्ये वाहतूक खात्याच्या चकरा. चवथीपर्यंत हे बसते, पण रंग पावसात ढकलला तर बसत नाही.

पान्याला हात लावण्याआधी कागद काढा. गाडी आजोबांनी घेतली म्हणता, तर आरसी बुक कोणाच्या नावावर आहे ते पाहा. आजोबांच्याच नावावर असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागेल. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे, त्यामुळे आत्या असतील तर त्यांच्या सह्या लागतील. अडीच लाख खर्चून गाडी चकाचक झाल्यावर सही मागायला जाण्यापेक्षा आज जुन्या डब्याचे फोटो घेऊन जाणे सोपे. नोंदणीची मुदत उलटली असणारच. नूतनीकरण फॉर्म २५ वर होते, गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पुढची मुदत ५ वर्षांची मिळते. २० वर्षांहून जुन्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, उशिराचा भुर्दंड वेगळा. ‘व्हिंटेज नोंदणी करून टाका’ असे कोणी सांगेल, तर त्या नियमाला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण लागतात. तुमची गाडी २०३२ पर्यंत त्यात बसत नाही. शिवाय त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर शोधून पुसा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा फायलीत लावा. पत्रेवाला ग्राइंडर फिरवताना किंवा रंगारी लांबी (पुट्टी) भरताना हा नंबर बुजवतो आणि मग तपासणीत गाडी अडकते. रंगही पांढराच ठेवा. रंग बदलला की आरसीवर नोंद करून घेणे आले.

आता जागा. शेडची जमीन मातीची असेल तर १८ मिमी जाडीच्या प्लायवुडचे दीड-दीड फुटी तुकडे टाका आणि त्यावर प्रत्येकी २ टनांचे चार जॅक-स्टँड. गाडी साधारण नऊशे किलोची आहे. आपल्याकडे हाताशी चिरे असतात आणि गाडी चिऱ्यांवर चढवायची सवयही असते. ती मोडा. चिरा भिंतीत शंभर वर्षे टिकतो, पण एका टोकावर लोखंडाचा भार आला की सूचना न देता फुटतो. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली तर हातसुद्धा घालायचा नाही. २ किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक दारापाशी टांगा. शेडवर माड झुकला असेल तर काम सुरू व्हायच्या आधी नारळ उतरवून घ्या. नव्या रंगाच्या टपावर पडलेला एक नारळ पत्रेवाल्याची आठवड्याची मजुरी खातो.

पहिला शनिवार बाबांचा. त्यांनी खुर्चीत बसायचे, तुम्ही वही घ्यायची. शेवटच्या वर्षी गाडी तापायची का? तेल कुठून गळायचे? कोणता गिअर सुटायचा? ब्रेक एका बाजूला ओढायचे का? हेड कधी उघडले होते, बोअरिंग (सिलिंडर कातून मोठा करणे) झाले आहे का? मेकॅनिक पाच हजार घेऊन जे दोन दिवसांत शोधेल, ते यांना तोंडपाठ असते. पुढे प्रत्येक भाग उघडण्याआधी मोबाइलवर फोटो, झिपच्या पिशवीत बोल्ट आणि पिशवीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी.

इंजिन जागे करायचे ते असे. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन चमचे, म्हणजे सुमारे १० मिली, इंजिन ऑइल आणि डिझेलचे निम्मे-निम्मे मिश्रण सोडा आणि पुढच्या शनिवारपर्यंत तसेच ठेवा. त्याच बैठकीत वरचे टॅपेट कव्हर काढून रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर, तेल टाका. आठवड्याने क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना लावून हाताने फिरवा, गाडी न्यूट्रलमध्ये. एका माणसाच्या जोराने फिरले तर ठीक. फिरत नसेल तर पान्याला पाइप जोडू नका आणि ‘ओढून चालू करू’ या सूचनेला तर सरळ नाही म्हणा. पुन्हा मिश्रण, पुन्हा आठवडा. तीन आठवड्यांनीही हलले नाही तर हेड उघडायचे. फिरले, तर बाबांनी टॉर्च धरून आठही रॉकर खालीवर होतात का ते पाहायचे. एखादा व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येत नसेल तर तिथेच थांबा. व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या गाइडमध्ये तेल सोडा, प्लास्टिकच्या हातोडीने हलके टकटक करा.

मग जुने तेल गरम न करता तसेच काढा. त्यात पाणी किंवा दुधाळ चिखल दिसला तर हेडचे पॅकिंग किंवा हेड स्वतः खाल्लेले आहे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी घातले की हेडच्या पाण्याच्या वाटा आतून खाऊन जातात. बाबांनी विहिरीचेच पाणी घातले असणार, सगळेच घालत. आता तरी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. थर्मोस्टॅट कोणा मेस्त्रीने काढून टाकला असेल तर परत बसवा. त्याशिवाय इंजिन गार चालते, पेट्रोल जास्त पिते आणि बोअर लवकर झिजतो. रबरी होज सगळे नवे, क्लिपाही नव्या.

नवे २०डब्ल्यू-५० मिनरल तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. सिंथेटिक महाग पडते आणि जुन्या सीलमधून झिरपते. ब्रेकचे काम (ते पुढे सांगितले आहे) झाले असेल तरच आता बॅटरी लावा, पण प्लग बाहेरच ठेवा. दहा-दहा सेकंद सेल्फ मारत तेलाच्या प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थांबा. दिवा विझला की बेअरिंगपर्यंत तेल पोचले. तेव्हाच प्लग ०.६ मिमी गॅपने बसवा. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यांची फट ०.४ ते ०.५ मिमी ठेवा, कंडेन्सर नवा टाका. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-३-४-२. वायर काढताना नंबर घातले नसतील तर ही ओळ तुमचा एक रविवार वाचवेल.

पेट्रोलच्या टाकीतले जुने पेट्रोल आता वॉर्निशसारखे चिकट झालेले असेल. टाकी उतरवा, आत मूठभर स्वच्छ नट आणि थोडे डिझेल घालून हलवा, रिकामी करा, पुन्हा हलवा. भोक पडले असेल तर टाकी वेल्डिंगला नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. हे काम रेडिएटरवाल्याचे आहे, तो आधी टाकी वाफवून मग डाग देतो. शिवाय गाडी बंद पडली तेव्हा पंपावर मिळणारे पेट्रोल आणि आजचे यांत फरक आहे. आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला फुगवते आणि हवेतले पाणी ओढते. म्हणून पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरची नीडल, पॅकिंग यांचेही किट नवेच टाका. पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडू नका. लिटरच्या डब्यातून पाइप घेऊन चालवा, म्हणजे टाकीतला राहिलेला गाळ कार्बोरेटरमध्ये जाणार नाही.

पहिल्या मिनिटात पांढरा धूर येईल, तो तुम्ही ओतलेल्या डिझेलचा. वीस मिनिटांनीही निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती येतो यापेक्षा चारही एकमेकांजवळ आहेत का हे महत्त्वाचे. एक सिलिंडर बाकीच्यांहून १५ टक्क्यांनी खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर दोष रिंगांचा, नाही आला तर व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा. बोअरिंगचीच वेळ आली तर इंजिन बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पाठवा. बोअर मूळचा ६८ मिमीचा आहे. आधी किती ओव्हरसाइज झाला आहे ते पिस्टनच्या माथ्यावर कोरलेले असते.

गिअर टाकताना खरखर झाली तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. अकरा वर्षांत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. मागची चाके स्टँडवर उचला, गाडी चौथ्यात टाकून चालू करा आणि क्लच पूर्ण दाबून ब्रेक मारा. बहुतेक वेळा फाटकन सुटते. अर्थात त्यासाठी ब्रेक हवेत, आणि तिथेच आपल्याला यायचे होते.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर एकेरी असेल तर एका पाइपमधून गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्यामुळे ‘तीन चाके चांगली आहेत, एकच करू’ हा हिशेब इथे चालत नाही. चार चाकांचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळे रबरी होज आणि सडलेला प्रत्येक लोखंडी पाइप एकाच वेळी बदलायचा. सिलिंडर उघडून आतला बोअर नखाने तपासा. नख अडकले तर नुसते वॉशर किट टाकू नका, सिलिंडरच नवा घ्या. खड्डे पडलेल्या बोअरमध्ये नवे वॉशर दोन महिन्यांत फाटतात. ब्रेक ऑइल डॉट ३, सीलबंद, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. उघडी राहिलेली बाटली गोव्याच्या हवेत पाणी पिते, ती फेकायची.

ड्रम निघत नसतील तर आधी मागून ॲडजस्टर ढिले करा. लायनर ड्रमला चिकटलेले असतात. ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून ठोका. आतली काळी धूळ फुंकू नका आणि काँप्रेसरची हवाही मारू नका. ही बाबांची सवय असेल, कारण त्या पिढीतल्या प्रत्येक मेस्त्रीची होती. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. मास्क घाला, ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका.

ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या पाइपमधली हवा काढणे, हे दोघांशिवाय होत नाही आणि बाबांच्या गुडघ्यांना परवडणारे कामही हेच आहे. ते सीटवर, तुम्ही चाकापाशी. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने. मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. चाकामागच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी, नळीचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले. तुम्ही ‘दाबा’ म्हणायचे, त्यांनी सावकाश दाबून ‘धरलंय’ म्हणायचे, तुम्ही निपल पाऊण फेरा उघडून बंद करायचा आणि मगच ‘सोडा’. बुडबुडे संपेपर्यंत हेच. दर सहा-सात वेळांनी वरची टाकी भरायची, ती रिकामी झाली की हवा आत जाते आणि सगळे पहिल्यापासून. जुना मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर पेडल तळापर्यंत दाबू देऊ नका. बोअरच्या ज्या भागात वॉशर कधी गेले नाही तिथे गंज असतो आणि त्यावर ते कापले जाते. निपल अडकलेले असतील तर दोन दिवस आधी गंज सोडवणारे तेल मारा आणि सहा कोनी सॉकेट वापरा. साध्या पान्याने कोपरे झिजतात, मग तो निपल ड्रिलनेच काढावा लागतो.

टायर नक्षीवरून ठरवू नका. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१४च्या आधीचे टायर कितीही नवे दिसले तरी गेले. स्टेपनीसकट पाच घ्या, ट्यूबही पाच.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून गंज हा या गाडीत दिसण्याचा प्रश्न नसतो. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात खाणीची लाल धूळ दाराखालच्या पोकळ सिलमध्ये, चाकांवरच्या कमानींत, मॅटिंगखाली जाऊन बसते. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग शाबूत दिसतो. गंजावरून तुमचे भांडण होणार हे नक्की, कारण बाबांना ती गाडी १९८२ची दिसते आणि तुम्हाला आजची. वाद घालू नका. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक आणि बोथट स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याच हातात द्या. चुंबक चिकटले नाही तिथे लांबी भरलेली आहे. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तिथला पत्रा कापायचा. टोचायच्या जागा: दोन्ही सिल, पुढच्या माणसांच्या पायाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, डिकीतली स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची कड, आणि मागचा पाटा (स्प्रिंग) जिथे बॉडीला टांगतो ती जागा. शेवटची जागा गेली असेल तर इतर सगळे थांबवून पैसे आधी तिथे.

साडेचार लाखवाल्याकडे परत जायचे असेल तर फक्त एवढ्या कामासाठी जा आणि हे विचारा. तळाला आणि सिलच्या आतल्या भागाला १८ गेजचा पत्रा, बाहेरून दिसणाऱ्या भागाला २० गेजचा? वेल्डिंग सीओटूने की गॅसने? गॅसने पातळ पत्रा तापून लाटा धरतो. सीओटूने ०.८ मिमी तारेचे टाके इंच-इंच अंतरावर, एक इकडे एक तिकडे असे मारत पत्रा थंड होऊ दिला तर सपाट राहतो. दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापू नका, हे लिहूनच द्या. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाकून टाके मारायचे, गाडी सपाट टेकवायची, एक बाजू पूर्ण करायची, दार लावून चारही कडांची फट पाहायची आणि मग दुसरी. हे चुकले की गाडी मधून बसते आणि पुढे जन्मभर दार उचलून लावावे लागते. भोकावर एम-सील, फायबर किंवा डांबरी अंडरकोटिंग मारून देणाऱ्याच्या दारातून परत फिरा. गंजावर मारलेले डांबर ओल आत कोंडते. निरोगी पत्र्यावर, प्रायमर झाल्यानंतर मात्र ते जरूर मारावे. सिलच्या पोकळीत पातळ मेणाचे गंजरोधक फवारून घ्या. तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करा. जुन्या गाडीत ती प्रत्येक वेळी बुजलेलीच असतात.

रंगाबद्दल थोडक्यात. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, जाडी २-३ मिमीच्या आत, मग सरफेसर (राखाडी प्रायमर), मग पांढरा रंग. साधा रंग असल्याने वर क्लिअर लागत नाही. दोन भाग मिसळून मारायचा पीयू रंग घरी मारू नका. त्याच्या हार्डनरच्या वाफा साध्या मास्कने अडत नाहीत आणि बाबांच्या फुप्फुसांवर तो प्रयोग नको. घासकाम मात्र घरी करा, ओल्या पॉलिश पेपरनेच, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. आणि ‘सध्या राखाडी प्रायमर मारून ठेवू, रंग चवथीनंतर’ हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. सरफेसर पाणी पितो. एका पावसाळ्यात त्याखाली नवा गंज धरतो आणि सगळे काम खरवडावे लागते.

वायरिंगला उंदरांनी हात लावला नसेल तर आश्चर्य. पूर्ण संच तयार मिळाला तर तोच घ्या. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी नवी टाका. मिणमिणते दिवे आणि मंद सेल्फ यांचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सुट्या भागांसाठी मुंबईकडे बघावे लागेल. काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे पद्मिनीचा प्रत्येक नट तिथे मिळत असे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे आता साठा आहे तेवढाच आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुनी काच, बंपर, हँडल, मीटर घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे भाग, होज आणि किंगपिनचे (पुढची चाके ज्यावर वळतात त्या खिळीचे) किट मात्र नवे, सीलबंद. दाराचे रबर आणि काचेचे रबर रंगाआधीच आणून ठेवा.

अडीच लाख असे वाटा: पत्रा आणि रंग १,१०,०००, ब्रेक आणि टायर ४५,०००, इंजिनाची वरवरची कामे, पेट्रोल आणि पाण्याची लाइन ४०,०००, वायरिंग आणि रबर २०,०००. उरलेल्या ३५,००० ला नोंदणीची वेळ येईपर्यंत हात लावू नका. यात बोअरिंग बसत नाही. कॉम्प्रेशन खराब निघाले तर रंग एक वर्ष पुढे ढकला, फक्त सडलेला पत्रा बदलून त्या जागी प्रायमरवर रंगाचा हात द्या. बाबांना ठिगळाची गाडी चालेल, त्यांना ती चालवायची आहे.

भांडणाचा एक उपाय कामाच्या वाटणीतच आहे. टेबलावर बसून होणारे सगळे, म्हणजे कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, ब्रेकचे शू, दिव्यांचे होल्डर, बाबांचे. त्यात शेवटचा शब्दही त्यांचा. गाडीखालचे सगळे तुमचे, त्यात तुमचा. सुरक्षेच्या बाबतीत, म्हणजे स्टँड, मास्क, ब्रेक, दोघांपैकी कोणीही ‘नको’ म्हटले की नको. आणि काम बारा वाजता बंद. मार्चनंतर पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कोणाचेच डोके ठिकाणावर नसते.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. बाबांचा परवाना चालू आहे का? मुदत संपून वर्ष उलटले असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, या वयात डॉक्टरचा फॉर्म १ए सुद्धा. डोळे तपासून घेणे आणि अर्ज करणे ही कामे गाडी पत्रेवाल्याकडे असताना उरकता येतात. तुम्ही स्टेअरिंगवरचा गिअर त्यांच्याकडून उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून शिका. चार गिअर हाताला पाठ व्हायला दोन संध्याकाळी पुरतात.

नोंदणी आणि विमा हातात आल्यावर पहिली फेरी चोर्ल्याच्या घाटात नको, मयेच्या तळ्यापर्यंत पुरे. पाच किलोमीटरवर थांबा आणि चारही ड्रमपाशी हाताची मागची बाजू न टेकवता न्या. एक इतरांपेक्षा गरम लागला तर तिथला शू घासतो आहे. घरी येऊन त्याचा ॲडजस्टर थोडा ढिला करा आणि पुन्हा पाच किलोमीटर.